तांदळाच्या डब्यातली बाटली

प्रश्न: माझी मोठी बहीण 39 वर्षांची आहे. लग्नाला 14 वर्षं झाली, मुलगी 11 ची, मुलगा 7 चा. गेली तीन-चार वर्षं ती लपून पिते हे आम्हाला गेल्या महिन्यात कळलं. तिच्या सासूबाईंना तांदळाच्या डब्यात व्होडकाची बाटली सापडली. झोपेच्या गोळ्याही चालू आहेत. दाजी म्हणतात, "महिनाभर कुठेतरी ठेवा, नीट करून आणा, तोवर मुलं माझ्याकडे." आई म्हणते, बाहेर कुठे बोलू नका. कुणीतरी जेवणात मिसळायची पावडर सुचवलीय. बाईमाणसांसाठी अशी केंद्रं असतात का? हा आजार आहे की नाद? ती पूर्वीसारखी होईल का?

उत्तर:

तुम्ही विचारलेल्या सगळ्याला उत्तर देते, पण जे विचारलं नाहीत ते आधी, कारण ते घाईचं आहे. बाटली सापडली की बहुतेक घरं एकच गोष्ट करतात. कपाटं उपसायची, सापडेल ते मोरीत ओतायचं, पर्स काढून घ्यायची आणि "आजपासून बंद" म्हणून बाईला खोलीत बसवायचं. हे होऊ देऊ नका. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एका फटक्यात तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात काहींना भास होतात, वेळाकाळाचं भान सुटतं, ताप चढतो. याला आमच्याकडे डी.टी. म्हणतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. तुमच्या बहिणीच्या गोळ्या अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामच्या जातीतल्या असतील तर त्या अचानक थांबवल्यावरही फिट येते. म्हणजे दोन्ही एकाच दिवशी बंद केलं तर दोन्हीकडून धोका.

म्हणून येत्या दोन-तीन दिवसांत मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या आणि तोवर घरी जबरदस्तीचा उपास घडवू नका. मधेच हात जोरात कापायला लागले, असंबद्ध बडबड सुरू झाली किंवा फिट आली, तर वाट न बघता मोठं हॉस्पिटल गाठा आणि दारातच सांगा: रोज दारू घेते, गोळ्याही घेते. लाजेपोटी हे न सांगणारी घरं मी पाहिली आहेत. अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी दाखल झालेली एक बाई तिसऱ्या दिवशी अंगावरच्या मुंग्या झटकायला लागली. मुंग्या नव्हत्याच. कारण घरच्यांना माहीत होतं, डॉक्टरांना नव्हतं.

आता बाकीचं. मी व्यसनमुक्तीच्या कामात एकोणीस वर्षं समुपदेशक आहे. त्यातली शेवटची अकरा वर्षं फक्त बायकांच्या वॉर्डात. पुढे ज्या बायकांबद्दल सांगते त्यांचे तपशील ओळख पटू नये इतके बदलले आहेत.

पुरुषांच्या वॉर्डात होते तेव्हा रविवारी, भेटीच्या दिवशी, गेटवर डब्यांची रांग लागायची. बायको, आई, बहीण, कडेवर पोर. कुणी चकल्या आणलेल्या, कुणी नवऱ्याला आवडते म्हणून सुकी मासळी. बायकांच्या वॉर्डात बदली झाल्यावर पहिल्याच रविवारी मी वॉचमनला विचारलं, "आज भेटी बंद आहेत का?" त्याने मान हलवली. "नाही मॅडम, इथं असंच असतं." बाईला भेटायला आई येते, असली तर. बहीण येते. मुलगी कॉलेजात असेल तर एकटी एसटीने येते. नवरा बहुतेक वेळा दाखल करताना आणि पैसे भरताना दिसतो. सगळेच तसे नसतात. एक रिक्षावाले होते, दर रविवारी मोगऱ्याचा गजरा घेऊन यायचे आणि वॉर्डातल्या बाकीच्या बायका तिच्यावर जळायच्या. पण ते लक्षात राहिले याचं कारण तसे फार नव्हते हेच.

हे सांगितलं, कारण प्रश्न तुम्ही विचारलाय, दाजींनी नाही. तसंच असतं. पुढचं सगळं मी हे धरूनच लिहितेय.

आजार की नाद? आजार. पण एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, कारण दाजी विचारतील, "मी पण पार्टीत घेतो, मला का नाही होत?" त्यांना थोडं गणित सांगा. एक क्वार्टर म्हणजे 180 मिली. त्यात साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे 30 मिलीचे सहा पेग. तीच क्वार्टर बाईच्या शरीरात गेली की रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. तिच्या शरीरात पाण्याचा वाटा कमी, चरबीचा जास्त. शिवाय जठरात अल्कोहोल मोडणारं एन्झाइम बहुतेक बायकांत कमी असतं. परिणाम असा की पहिल्या घोटापासून व्यसनापर्यंतचा रस्ता पुरुष ज्या वेळात चालतो त्याहून कमी वेळात बाई चालते. लिव्हरही लवकर बिघडतं. वॉर्डात येणारा पुरुष सहसा पंधरा-वीस वर्षं पिऊन आलेला असतो. बाई चार-पाच वर्षांत तेवढीच खंगून येते. तुमच्या बहिणीची तीन-चार वर्षं "अजून सुरुवातच आहे" म्हणून सोडून देऊ नका.

शरीराचं एवढंच. खरा फरक वेगळ्याच गोष्टीत आहे. पुरुषाची दारू गुत्त्यावर, परमिट रूममध्ये, मित्रांत चालते. सगळ्या गल्लीला ठाऊक असते आणि शेवटी गल्लीच त्याला घरी आणून सोडते. बाईची दारू एकटी असते. तांदळाचा डबा, जुन्या साड्यांची पेटी, वॉशिंग मशीनची मागची बाजू, मुलाच्या शाळेची स्टीलची बाटली, देवघराखालचा खण. या सगळ्या जागा मी ऐकलेल्या आहेत. व्होडकाच का? वास येत नाही म्हणतात. येतो. मग वेलची, लवंग, वारंवार ब्रश, वारंवार आंघोळ. 2020 च्या मे महिन्यात लॉकडाऊनमध्ये राज्यात दारू घरपोच द्यायला परवानगी मिळाली. त्या काळात सुरू झालेल्या कितीतरी बायका आम्ही पुढे दोन-तीन वर्षं पाहत होतो. दुकानात उभं राहायची अडचण संपली होती. तुमचा हिशेबही त्याच्या आसपास पडतोय का, हे बहिणीला कधीतरी निवांत विचारा. आत्ता नको.

तर लपवणं हेच त्या बाईचं पूर्णवेळ काम होऊन बसतं. सकाळी उठल्यापासून कुठे ठेवलीय, कोण घरी आहे, रिकामी बाटली कचऱ्याच्या गाडीत कशी टाकायची. त्या ताणाने थकली की पुन्हा तीच. म्हणून घरातून लाज वाढवणारी जी जी गोष्ट होते ती व्यसनाला खतपाणी घालते. तुमच्या आई "बाहेर बोलू नका" म्हणतात ते प्रेमापोटी म्हणतात, मला माहीत आहे. गावभर करावं असं मीही म्हणत नाही. पण ज्याच्याशी खोटं बोलावं लागत नाही असं एक तरी माणूस तिला हवं.

2019 मध्ये केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून केलेलं देशव्यापी सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. दहा ते पंचाहत्तर वयोगटात दारू घेणारे पुरुष 27.3 टक्के, बायका 1.6 टक्के. मला तो दुसरा आकडा वाचून दर वेळी हसू येतं. सासूबाई शेजारी बसल्या असताना अनोळखी माणसाला "हो, घेते" म्हणणाऱ्या बायका मोजल्या गेल्या आहेत. त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे: दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 माणसांमध्ये एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळतो. त्या एकात बाई किती वेळा असेल, तुम्हीच बघा.

लाज आणि नशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पाहायचं असेल तर मिशरी बघा. तव्यावर काळीभोर भाजलेली तंबाखू. आपल्याकडे आजी लावते, आई लावते, नऊ-दहा वर्षांची पोर "दात घासायला" म्हणून सुरू करते आणि चाळिशीत दिवसातून पाच वेळा डबी उघडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सुमारे 11 टक्के बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात असं आलं. दारू घेणाऱ्या अर्धा टक्काही नाहीत. मिशरीने तोंडाचा कॅन्सर होतो, गरोदरपणात घेतली तर बाळ कमी वजनाचं होतं, सोडली तर डोकं धरतं, चिडचिड होते, शौचाला होत नाही. सगळी लक्षणं व्यसनाची. पण मिशरी लावणारीला कुणी चारित्र्यावरून बोलत नाही, कुणी माहेरी पाठवत नाही. ती उघड्यावर अंगणात बसून लावते. आमच्याकडे दारूसाठी आलेल्या गावाकडच्या बायका फॉर्मवर "इतर व्यसन: नाही" लिहितात आणि संध्याकाळी कमरेची डबी काढतात. तेव्हा तुमच्या बहिणीबद्दल घरात जे बोललं जातंय त्यातलं दारूबद्दल किती आणि बाईबद्दल किती, हे जरा वेगळं करून ऐका.

गोळ्यांचं. कुणी सुरू केल्या, कधी, कशासाठी, हे शोधून काढा. बहुतेक वेळा सुरुवात साधी असते. बाळंतपणानंतर झोप येईना, वडील गेले, मान दुखते, मायग्रेन. डॉक्टर पंधरा दिवसांसाठी देतात आणि चिठ्ठी चार वर्षं चालते. 2014 पासून यातल्या बऱ्याच गोळ्या एच-वन यादीत आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत आणि दिल्या की नोंद ठेवायची. पण ओळखीचा केमिस्ट असला की "काकूंची नेहमीची" म्हणून पाकीट निघतं. गोळी आणि दारू ही जोडी नवी नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचं हेच होतं. मानेच्या दुखण्यासाठी गोळ्या, जोडीला दारू. 1978 मध्ये घरच्यांनी समोर बसवून बोलल्यावर त्या उपचाराला गेल्या, आणि त्यांनी ते जाहीर सांगितलं. 1982 मध्ये त्यांच्या नावाचं उपचार केंद्र निघालं. गोळ्या हळूहळू, आठवड्या-आठवड्यांनी, डॉक्टरांच्या हिशेबानेच उतरवायच्या असतात. कधी दारू सुटायला दहा दिवस लागतात आणि गोळी सुटायला सहा महिने. घरच्यांचा धीर दुसऱ्याच महिन्यात सुटतो, म्हणून आधीच सांगून ठेवतेय.

पावडरीचं उत्तर एका शब्दात: नाही. जाहिरातीतल्या त्या पुड्यांमध्ये काय असतं ते त्यांनाच ठाऊक. काहींत डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू गेली की चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. क्वचित जीवही जातो. हे औषध आम्हीही वापरतो, पण पेशंटला सगळं समजावून, तिच्या होकाराने, लिव्हर तपासून. वरणात कालवून नाही. शिवाय तलफ कमी करणारी इतर औषधं आता आहेत, ती कोणती हे डॉक्टर ठरवतील. आणि पावडर जरी निरुपद्रवी निघाली, तरी घरातल्या जेवणात आपल्या नकळत काहीतरी मिसळतात हे तिला एक दिवस कळेलच. त्या दिवसापासून ती या घरात काय खाईल?

केंद्रं असतात का? असतात, पण कमी आणि उशिरा निघालेली. पुण्याचं मुक्तांगण 29 ऑगस्ट 1986 ला सुरू झालं. ते उभं करण्यात डॉ. अनिता अवचट या बाईंचा, मानसोपचारतज्ज्ञाचा, वाटा सगळ्यांत मोठा. तिथे पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' गट चालतो. पण व्यसनी बायकांसाठी स्वतंत्र विभाग, 'निशिगंध', सुरू व्हायला 2009 उजाडलं. यात दोष त्यांचा नाही. बाई उपचाराला यायलाच तयार नव्हती, घर पाठवायला तयार नव्हतं. अमेरिकेतही तसंच. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायची संघटना, 1935 मध्ये सुरू झाली तेव्हा बाई मुळात व्यसनी होऊ शकते का यावरच तिथल्या लोकांना शंका होती. 1939 मध्ये मार्टी मान नावाची बाई न्यूयॉर्कच्या बैठकीला गेली आणि टिकली, तेव्हा जरा दार उघडलं.

केंद्र बघताना फोनवर विचारून ठरवू नका, स्वतः जाऊन बघा. बायकांचा वॉर्ड खरंच वेगळा आहे का, की पुरुषांच्या इमारतीतली कडीकोयंड्याची एक खोली? रात्रपाळीला बाई कर्मचारी असते का? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? पाळी, गर्भधारणा, थायरॉइड, हिमोग्लोबिन याच्या तपासण्या होतात का? (गरोदर असेल तर उपचाराची सगळी आखणीच बदलते. वय 39 आहे म्हणून गृहीत धरू नका.) मारहाण, साखळी, "शिस्त" असले शब्द कानावर आले की तिथून उठा. घराजवळ असं काही नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग गाठा. तिथे डिटॉक्स, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू उतरवणं, होतं आणि परवडतं. रस्ता विचारायला मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, टेलि-मानसचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446 हे दोन्ही सरकारी नंबर आहेत.

आता दाजींचं वाक्य. "महिनाभर कुठेतरी ठेवा, नीट करून आणा." मिक्सर दुरुस्तीला टाकावा तसं. ताई, त्यांच्यावर रागावून लिहीत नाहीये मी. तेही घाबरलेले आहेत. पण दोन गोष्टी त्यांना माहीत हव्यात. एक म्हणजे, तिला तिच्या इच्छेविरुद्ध गाडीत घालून कुठेही ठेवता येत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांचं व्यसनही येतं. पेशंट स्वतः अर्ज करून दाखल होऊ शकते, आणि तीच उत्तम वाट. तिची निर्णय घ्यायची अवस्थाच नसेल तर तिच्या प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येतं, पण त्याला तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, मुदत असते, आणि बाई असेल तर केंद्राला तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. पुरुषासाठी हीच मुदत सात दिवस आहे. कायदा करणाऱ्यांना बायकांना "ठेवून" येणारी घरं माहीत होती, असं मी समजते. त्याच कायद्यात हेही आहे की दाखल असलेल्या बाईचं मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर सहसा त्याला आईपासून वेगळं करायचं नाही. तुमची भाचरं मोठी आहेत, पण हे वाचणारी दुसरी एखादी असेल म्हणून लिहिलं.

दुसरी गोष्ट तिच्या मनातली आहे आणि ती उघड बोलणार नाही: "उपचाराचा कागद झाला की उद्या घटस्फोटात तोच कागद पुढे येईल, मुलं जातील." ही भीती खुळी नाही. मी पाहिलंय. तिला सांगा की उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं केंद्राला बंधनकारक आहे आणि पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून कुणाला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही, असं कायदाच म्हणतो. तरी दाजींच्या बोलण्यात "मुलं माझ्याकडे" हे वारंवार येत असेल तर एखाद्या वकिलीणबाईंशी एकदा बोलून घ्या. शांतपणे, भांडणाआधी.

बोलायचं कसं? सकाळी, ती प्यालेली नसताना, तिच्या सासरच्या घरात नाही. सगळ्यांची पंचायत बसवून नाही. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ तर अजिबात घ्यायला लावू नका. ही आपल्याकडची फार वाईट सवय आहे. शपथ मोडते, तलफ शपथेला ऐकत नाही. मग मुलाला साधा ताप आला तरी ती आई समजते की माझ्यामुळे आला. त्या अपराधीपणावर तिला एकच औषध ठाऊक असतं. (माळ घालून दारू सोडलेले लोक मला माहीत आहेत, त्या श्रद्धेला मी कमी लेखत नाही. पण ती ज्याची त्याने घ्यायची असते.) तुम्ही एवढंच म्हणा: "मला कळलंय. मी भांडायला आले नाहीये. तुला त्रास होतोय ना?" आणि मग गप्प बसा. पहिल्या दिवशी ती नाकारेल. बाटली कामवाल्या बाईची निघेल, गोळ्या होमिओपॅथीच्या निघतील. वाद घालू नका. दोन दिवसांनी पुन्हा जा. बहुतेक बायका तिसऱ्या-चौथ्या भेटीत रडतात आणि मग जे बोलतात त्यात दारू फार थोडी असते. जुनी मारहाण, लहानपणी नातेवाइकाने केलेलं काही, पडलेला गर्भ, बोलून बोलून झालेला अपमान. ते सगळं त्या बैठकीत सोडवायला जाऊ नका. ऐका आणि डॉक्टरांची वेळ घ्या.

मुलांना काय सांगायचं हा प्रश्न घरं सगळ्यात वाईट सोडवतात. "आई ट्रेनिंगला गेलीय." अकरा वर्षांच्या मुलीला सगळं माहीत असतं. अनेकदा तिनेच आईला उचलून पलंगावर घातलेलं असतं. तिला सांगा: आईला आजार आहे, उपचाराला चाललीय, हे तुझ्यामुळे झालेलं नाही, ठरलेल्या दिवशी फोनवर बोलता येईल. दाखल झालेला पुरुष पहिल्या दिवशी विचारतो, "मला कधी सोडणार?" बाई विचारते, "मुलांचे डबे कोण करतंय?" त्या प्रश्नाला नावगावासकट उत्तर तयार असेल तर ती महिनाभर टिकते. नसेल तर नवव्या दिवशी "आता बरं वाटतंय" म्हणून घरी जाते. डबे तुम्ही, आई, सासूबाई, दाजी, कोण करणार ते वारांनुसार ठरवून टाका आणि तिला कागदावर लिहून द्या. समुपदेशनातल्या भल्या भल्या तंत्रांपेक्षा हा कागद उपयोगी पडतो.

घरी परतल्यानंतरचे दिवस वॉर्डापेक्षा अवघड असतात. पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम होतात. सासूबाई हाताचा वास घेतात, पर्स तपासतात, बाथरूममध्ये दहा मिनिटं लागली की दार वाजवतात. आणि त्याच आठवड्यात धुणं, भांडी, पाहुणे, मुलांचा अभ्यास सगळं पुन्हा तिच्या अंगावर येतं, कारण "आता बरी झालीय ना." आमची एक पेशंट फॉलोअपला येऊन म्हणाली, "मॅडम, पैसे द्यायला माझ्यावर विश्वास नाही, पोळ्या लाटायला आहे." हे उलटं करायला हवं. थोडे पैसे तिच्या हातात, आणि पोळ्यांना काही महिने बाई किंवा पोळीभाजी केंद्र. संध्याकाळचा एक तास तिचा, आठवड्यातली एक मीटिंग तिची. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या फक्त बायकांच्या मीटिंगा आता ऑनलाइनही होतात. घरात मोठ्याने बोलता येत नसेल तर कान लावून नुसतं ऐकलं तरी चालतं. एकीने वर्षभर गच्चीवर वाळवणाशेजारी बसून मीटिंगा केल्या.

आम्ही एकदा पेशंटच्या नवऱ्यांचा गट सुरू केला, बायकांसाठी असतो तसा. पहिल्या महिन्यात तिघे आले, दुसऱ्या महिन्यात एक. तो एक मात्र अजून येतो. त्याची बायको तीनदा घसरली आणि आता सहा वर्षं सोबर आहे. दाजींना फॅमिली सेशनला यायला सांगा. "तिचा आजार आहे, मी कशाला" म्हणतील. मग त्यांना विचारा, तिला मधुमेह असता तर डॉक्टरांनी आहार समजावताना तुम्ही बाहेर बसला असता का.

घसरण्याबद्दल आत्ताच बोलून ठेवते. स्लिप होऊ शकते. होईलच असं नाही, पण झाली तर "बघा, पैसे वाया गेले" असा सूर लावू नका. पहिला घोट आणि पुन्हा रोजची बाटली यांच्यात काही दिवस असतात. त्या दिवसांत तिने तुम्हाला फोन केला तर बाजी सावरते. लाजेने केला नाही तर जाते. बायकांच्या घसरण्याच्या तारखा मी वह्यांमध्ये मांडून पाहिल्या आहेत. पाळीच्या आधीचा आठवडा, मुलांच्या परीक्षा संपल्यानंतरची मोकळी दुपार, माहेरचं लग्न, आणि नवऱ्याच्या ऑफिसची ती पार्टी जिथे "एक घे, काही होत नाही" म्हणणारा हमखास असतो. तुमच्या बहिणीची स्वतःची अशी यादी असेल. ती तिलाच करू द्या.

राहिला शेवटचा प्रश्न, ती पूर्वीसारखी होईल का. माझं प्रामाणिक उत्तर: तसं मागू नका. पूर्वीचीच ती पीत होती. सगळ्यांचं ऐकणारी, कशालाच नाही न म्हणणारी, आजारी असतानाही पुरणपोळ्या करणारी. बऱ्या झालेल्या बायका घरच्यांना थोड्या अवघड जातात. त्या नाही म्हणायला लागतात, झोपायची वेळ पाळतात, हळदीकुंकवाला बोलावलं नाही तरी शांत राहतात, कधी तडकन बोलतात. सासूबाई मला फोन करून तक्रार करतात, "अहो, दारू सुटली पण आता उलटून बोलते." मी म्हणते, बोलू द्या हो.

तर या आठवड्यात एवढं करा. डॉक्टरांची वेळ घ्या, शक्यतो बाई डॉक्टरची. बरोबर तुम्ही जा, आईला नका नेऊ, आई रडतील आणि मग बहीणच त्यांना समजावत बसेल. किती पिते हे तिच्याकडून मिलीमध्ये काढून घ्या, "थोडंसं" लिहू नका. लिव्हरचे जुने रिपोर्ट असतील तर घ्या. आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं कचऱ्यातून शोधून न्या. किती मिलिग्रॅमची, दिवसाला किती, हे डॉक्टर सगळ्यात आधी विचारतील.